एनर्जी ड्रिंक आणि आमच्या सॉफ्टबॉलच्या मुली: प्रकल्प नोंदी

6 जानेवारी 2025, सोमवार

आज विषय नोंदवला. एम.पी.एड.च्या (शारीरिक शिक्षणातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या) दुसऱ्या वर्षाचा लघुप्रबंध, ‘एनर्जी ड्रिंकचा महिला सॉफ्टबॉलपटूंच्या खेळावर होणारा परिणाम’. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी कागद वाचला, ‘परिणाम’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि म्हणाल्या, "परिणाम म्हणजे नेमकं काय मोजणार आहेस? आधी ते लिहून आण."

हा विषय डोक्यात बसला तो डिसेंबरातल्या एका सामन्यात. सहावी इनिंग संपली होती, आम्ही एका रनने मागे होतो. आमच्या प्रशिक्षक सरांनी पिशवीतून एनर्जी ड्रिंकच्या चौदा लाल बाटल्या काढल्या, वीस रुपयांची एक, आणि सगळ्या मुलींना वाटल्या. स्वतःच्या खिशातून आणल्या होत्या त्यांनी. मुलींनी गटागटा प्यायल्या, सातवी, म्हणजे शेवटची इनिंग खेळल्या, सामना जिंकला. तेव्हापासून ती बाटली आमच्या संघात शकुनासारखी झाली आहे. सामना म्हटलं की बाटली आलीच.

मी स्वतः सहा वर्षं कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू पकडणारी) होते, आमच्या वेळी ही बाटली नव्हती. म्हणून मला खरंच जाणून घ्यायचं आहे की तिच्यात काही आहे, की त्या दिवशी मुली तशाही जिंकल्याच असत्या.

9 जानेवारी, गुरुवार

मैदानासमोरच्या टपरीवरून एकेक करून चार प्रकारच्या बाटल्या आणि डबे आणले. घरी दिव्याखाली धरून लेबलं वाचली. अक्षरं इतकी बारीक की शेवटी मोबाइलने फोटो काढून मोठे करून वाचावे लागले.

आपल्याकडच्या नियमानुसार ‘कॅफिनयुक्त पेय’ म्हणून जे विकायचं, त्यात लिटरमागे किमान 145 आणि कमाल 300 मिलिग्रॅम कॅफिन असावं लागतं. म्हणजे 250 मिलीच्या बाटलीत जास्तीत जास्त 75 मिलिग्रॅम. दिवसाला 500 मिलीपेक्षा जास्त पिऊ नये, हेही लेबलवर छापणं बंधनकारक आहे.

आणि मग ती ओळ. लहान मुलं, गरोदर आणि स्तनदा माता, कॅफिन न सोसणाऱ्या व्यक्ती आणि खेळाडू, यांच्यासाठी शिफारस केलेली नाही. खेळाडू! मी ती ओळ तीनदा वाचली. ज्या बाटलीच्या जाहिरातीत धावणारी, उडी मारणारी, घामाने निथळणारी माणसं असतात, तिच्याच पाठीवर मुगाच्या दाण्याएवढ्या अक्षरांत लिहिलंय की ही खेळाडूंसाठी नाही. संघातल्या एकाही मुलीने ती ओळ वाचलेली नसणार. सरांनीही नाही, आजवर मीही नाही.

14 जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सकाळी आईबरोबर तिळगूळ वळले, दुपारपासून वाचत बसले.

महिला सॉफ्टबॉलवर थेट फार काही हाती लागलं नाही, म्हणून जवळचे खेळ घेतले. 2012 मध्ये अमेरिकेतल्या 15 कॉलेज फुटबॉलपटू मुलींवर एक प्रयोग झाला. सरावाच्या तासभर आधी 255 मिली रेड बुल दिलं, मग पुन्हा पुन्हा स्प्रिंट करायला लावल्या. दुसऱ्या खेपेला तसंच दिसणारं, पण कॅफिन नसलेलं पेय दिलं. वेळेत फरक नाही, हृदयाच्या ठोक्यांत फरक नाही, थकवा किती वाटला त्यातही नाही. किलोमागे साधारण 1.3 मिलिग्रॅम कॅफिन पडलं होतं.

याउलट स्पेनमध्ये 2013 साली महिला रग्बी संघाला किलोमागे 3 मिलिग्रॅम पडेल असं एनर्जी ड्रिंक दिलं, तेव्हा त्यांचा धावण्याचा वेग वाढला आणि उडीतली ताकदही. व्हॉलीबॉलच्या मुलींवरही त्याच मात्रेने स्मॅश आणि उडी सुधारली. क्रीडापोषणातले लोकही किलोमागे 3 ते 6 मिलिग्रॅम हीच कामाची मात्रा धरतात.

मग वहीच्या मागच्या पानावर आमच्या मुलींचा हिशोब मांडला. आमच्या शॉर्टस्टॉपचं (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभी राहणारी) वजन 48 किलो. एक बाटली म्हणजे फार तर 75 मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे दीडच. परदेशातल्या ज्या प्रयोगात काही फरक पडला नाही, त्याच्या आसपास. किलोमागे 3 गाठायचे तर 144 मिलिग्रॅम लागतील, म्हणजे 480 मिली. जवळजवळ दोन बाटल्या. लेबल सांगतं 500च्या वर जाऊ नका.

म्हणजे संघ जेवढं पितो तेवढ्याने काही होत नसावं आणि जेवढ्याने काही होतं तेवढं प्यायलं की दिवसाची मर्यादा आलीच. या एका गणिताने माझा निम्मा विषय सुटला असं वाटलं. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "कागदावर सुटला. मुलींवर अजून काही केलेलं नाहीस तू."

22 जानेवारी, बुधवार

नैतिकता समितीपुढे आराखडा मांडला. पाच जण होते, त्यात एक डॉक्टर बाई. 18 वर्षांखालची एकही मुलगी घ्यायची नाही, हे मी आधीच लिहिलं होतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2011 मध्येच स्पष्ट म्हटलंय की मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या आहारात एनर्जी ड्रिंकला जागा नाही. आपल्याकडेही जुलै 2024 मध्ये विधान परिषदेत अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांनी सांगितलं होतं की शाळांच्या 500 मीटर परिसरात जास्त कॅफिनच्या पेयांच्या विक्रीवर बंदी आणणार. आमच्या मैदानाला लागूनच शाळा आहे. टपरीही त्याच भिंतीला.

बाकीच्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले. संमतिपत्र मराठीत आहे का, रक्तदाब कोण तपासणार, मध्येच कोणी नको म्हटलं तर काय करणार. डॉक्टर बाईंनी दोनच विचारले.

"मुली पेय घेतील तेव्हा पोटात काय असेल?"

मला उत्तर देता आलं नाही.

"आणि गोळ्या? कोणी गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल, तर कॅफिन शरीरातून जायला जवळपास दुप्पट वेळ लागतो. स्पर्धेच्या आधी पाळी पुढे ढकलायला मुली गोळ्या घेतात, तेही विचारून घे. कोणती गोळी, कधी घेतली, सगळं."

विचारीन म्हणाले. याला मात्र मला वेळ लागणार नाही, कारण खेळत असताना मीही त्या गोळ्या घेतल्या आहेत आणि मला कधीच कोणी विचारलं नव्हतं.

मंजुरी मिळाली, पण अटीवर. पेय देण्याआधी दोन आठवडे मुलींच्या खाण्यापिण्याची नोंद ठेवायची.

1 फेब्रुवारी, शनिवार

मोजमापाची तालीम. होम प्लेट (बॅटर उभी राहते ती जागा) ते फर्स्ट बेस (तिने पळत गाठायचा पहिला टप्पा), 60 फूट, म्हणजे 18.29 मीटर. फक्की मारून नवीन रेषा आखली. तीन जणींच्या हातात स्टॉपवॉच दिलं आणि 7 नंबरला पळायला सांगितलं. (नोंदींत नावं लिहायची नाहीत असं ठरलंय, जर्सी नंबरच लिहिणार.)

एकाच धावेच्या तीन वेळा आल्या, 3.12, 3.31, 3.09. आम्ही चौघी एकमेकींकडे बघत राहिलो. धाव एक, मुलगी एक आणि घड्याळांत 0.22 सेकंदांचा फरक! ॲथलेटिक्समध्ये हाताने घेतलेल्या 100 मीटरच्या वेळेत 0.24 सेकंद मिळवतात ते का, हे आज कळलं. कॅफिनने जो काही फरक पडायचा तो सेकंदाच्या शंभराव्या भागांत असणार, तो आमच्या अंगठ्यांच्या गोंधळात कुठल्या कुठे हरवेल.

संध्याकाळी 2 नंबरच्या भावाचा फोन मागून आणला. त्यात सेकंदाला 240 चित्रं घेणारं स्लो मोशन आहे. फोन फर्स्ट बेसच्या रेषेत तिपाईवर ठेवायचा, बॅटला चेंडू लागल्याचं चित्र आणि बेसवर पाय पडल्याचं चित्र, मधली चित्रं मोजायची. एक चित्र म्हणजे चार मिलिसेकंद. मोजताना डोळे दुखतात, पण आता आकड्यावर विश्वास ठेवता येतो.

7 फेब्रुवारी, शुक्रवार

त्याच फोनने पिचिंग, म्हणजे बॅटरकडे चेंडू टाकणं, घेतलं. महिलांसाठी पिचरची पाटी होम प्लेटपासून 43 फुटांवर, 13.11 मीटर. पण पिचर पुढे झेपावून चेंडू सोडते, तेव्हा प्रत्यक्षात अंतर साडेअकरा मीटरच्या आसपास उरतं. आमच्या 11 नंबरचा चेंडू हातातून सुटल्यापासून प्लेटपर्यंत 132 चित्रं, म्हणजे 0.55 सेकंद. ताशी साधारण 75 किलोमीटर. तिला सांगितलं तर ती दिवसभर हसत होती.

मग पट्टीची चाचणी. मी पट्टी सोडायची, समोरच्या मुलीने दोन बोटांत पकडायची. 18 सेंटिमीटरवर पकडली तर 0.19 सेकंद, 21वर पकडली तर जवळपास 0.21. तीन सेंटिमीटर म्हणजे किती किरकोळ वाटतं, पण तेवढ्या वेळात 11 नंबरचा चेंडू फूटभर पुढे येतो. बॅट आणि चेंडू यांच्यात एक फूट म्हणजे सगळंच. कॅफिन जर कुठे कामाला येत असेल तर ते इथे येईल, असं मला आत्तातरी वाटतंय. थकवा आणि झोप यांचा निरोप मेंदूत पोचवणारं ॲडिनोसिन ज्या जागी बसतं, त्या जागा कॅफिन अडवून धरतं. शरीरात नवी ताकद येत नाही, थकव्याची खबर तेवढी उशिरा मिळते.

आज पट्टी 23 नंबरने सगळ्यांत लवकर पकडली. ती आउटफिल्डला, म्हणजे मैदानाच्या लांबच्या भागात असते, तिच्याकडे सामन्यात जेमतेम दोन चेंडू येतात. सरांना सांगायला हवं.

13 फेब्रुवारी, गुरुवार

खाण्यापिण्याच्या नोंदी सुरू करून आठ दिवस झाले. सकाळचा सराव सहाला. मी रोज पावणेसहाला फाटकाशी वही घेऊन उभी राहते आणि विचारते, काल रात्री काय खाल्लं, आज सकाळी काय, पाणी किती.

रात्रीचं ठीक आहे. कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत, वरणभात, ज्याच्या त्याच्या घरी जे असेल ते. सकाळचा रकाना मात्र रिकामा. चौदातल्या नऊ जणी चहावर येतात, दोघी तर चहाही न घेता. आणि पाणी? ‘घोटभर’, ‘नाही’, ‘चूळ भरली’, ‘नाही’, ‘नाही’.

मला वाटलं आळस असेल, उठायला उशीर होत असेल. आज सराव संपल्यावर 7 नंबरला बाजूला घेऊन विचारलं. ती बुटाची लेस सोडत बसली होती, मान वर न करता म्हणाली,

"ताई, पाणी प्यायलं की जावं लागतं. जायचं कुठं?"

मी मैदानाकडे पाहिलं. प्रेक्षकांच्या पायऱ्यांमागे मुलींचं स्वच्छतागृह आहे. निळं दार, त्याला कुलूप. मी सहा वर्षं याच मैदानावर खेळले. ते कुलूप तेव्हाही होतं. आणि मीही सकाळी पाणी पीत नव्हते! मला इतकी सवय झाली होती की तो त्रास आहे हेच विसरून गेले होते. सामन्याच्या दिवशी आदल्या रात्रीपासूनच पाणी कमी करायचं, हे मला माझ्या सीनियर ताईने शिकवलं होतं. आणि मी बहुतेक या मुलींच्या आधीच्या तुकडीला शिकवलंय.

रात्री झोप लागली नाही.

14 फेब्रुवारी, शुक्रवार

बाकीच्या तेरा जणींनाही विचारलं. अकरा जणींचं उत्तर तेच. 2 नंबर म्हणाली, ती दोन सराव सोडून घरी गेली होती, सरांना पोटात दुखतंय असं सांगून.

22 फेब्रुवारी, शनिवार

वजनकाटा आणला, 50 ग्रॅमपर्यंत दाखवणारा. सरावाआधी आणि सरावानंतर वजन. घामाचे कपडे बदलून, अंग पुसून. मैदानात आडोसा नाही म्हणून माझ्या दोन ओढण्या झाडाला बांधून पडदा केला.

आजचा सराव दुपारी चार ते सहा. 7 नंबर आधी 47.8, नंतर 46.6. एक किलो दोनशे ग्रॅम पाणी गेलं आणि आत काहीच आलं नाही. वजनाच्या अडीच टक्के. दोन टक्क्यांच्या पुढे घट गेली की दम, लक्ष आणि हालचाल यांवर परिणाम होऊ लागतो, हे क्रीडाविज्ञानाच्या कुठल्याही पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं. मीही परीक्षेत लिहून गुण घेतलेत.

पाच जणी दोन टक्क्यांच्या वर. आणि अजून फेब्रुवारीच आहे. आमच्या जळगावचा एप्रिल यायचाय.

1 मार्च, शनिवार

दुपारी साडेचारचा सामना. 11 नंबरने चार वाजता दोन बाटल्या प्यायल्या. मी अजून कोणालाही पेय दिलेलं नाही, हे तिचं तिनेच घेतलं. कोणीतरी तिला सांगितलं की एकाने काही होत नाही, दोन घे. ते कोणी सांगितलं ते मला ठाऊक आहे. संक्रांतीनंतर मीच तो हिशोब मुलींना उत्साहाने समजावून सांगितला होता. किलोमागे तीन, म्हणजे दोन बाटल्या. तो वहीतला आकडा मुली अशा ऐकतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तिचं वजन 52. दोन बाटल्या म्हणजे फार तर 150 मिलिग्रॅम, किलोमागे 2.9. प्रयोगांत ज्या मात्रेने खेळ सुधारला, अगदी तीच. दुसऱ्या इनिंगला मी तिच्याजवळ गेले. चेंडूच्या शिवणीवर तिची तीन बोटं ठेवलेली होती आणि टोकं थरथरत होती. अंगठ्याच्या नखाखालची कातडी पांढरी पडेपर्यंत तिने चेंडू दाबून धरला होता, थरथर दिसू नये म्हणून. "ताई, छातीत धडधडतंय," म्हणाली. सकाळच्या चहानंतर पोटात काही नव्हतं. लागोपाठ तीन बॅटर तिने चेंडू बाहेर टाकून चालत बेसवर पाठवल्या. सरांनी तिला बदललं, मी तिला सावलीत बसवून पाणी दिलं. तिने दोन घोट घेतले आणि आधी निळ्या दाराकडे पाहिलं.

2 मार्च, रविवार

तिच्या घरी गेले. आता बरी आहे. रात्री दोनपर्यंत डोळा लागला नाही म्हणाली. लागणार कसा? कॅफिन शरीरात निम्मं व्हायला साधारण पाच तास. चारला 150 घेतलेलं नऊला 75, पहाटे दोनलाही 35-40 शिल्लक. आणि आज सकाळी आठला पुढचा सामना होता.

तिच्या आईने मला चहा दिला. मी हिशोबाची चूक माझी होती हे त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही मुलीकडं लक्ष देता, तेच खूप आहे." मला ते ऐकवलं नाही.

5 मार्च, बुधवार

मॅडमसमोर दोन तास. मी म्हणाले, मला पेय द्यायचं नाही.

त्यांनी वाद घातला, आणि तो रास्त होता. एका मुलीच्या थरथरण्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो. नीट आखलेल्या प्रयोगात मात्रा मोजून देतात, मुली जेवून येतात, कोणाला खरं पेय दिलं आणि कोणाला खोटं हे मुलींनाही माहीत नसतं, मोजणाऱ्यालाही नसतं. तसं केलं तर उत्तर मिळेल.

मी म्हणाले, तेच तर. स्पेनच्या त्या खेळाडू राष्ट्रीय संघाच्या होत्या. त्यांना आधी नीट जेवण, पुरेसं पाणी, झोप मिळालेली होती, त्यावर कॅफिन किती भर घालतं हे तपासलं गेलं. आमच्या मुली उपाशी, तहानलेल्या, लघवी दाबून मैदानात उतरतात. त्यांच्यावर मी बाटली तपासली तर मी बाटलीचा परिणाम मोजणार नाही, मी कुलपाचा परिणाम मोजणार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 2019-21च्या, देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या निघाल्या. आमच्या चौदा जणींचं हिमोग्लोबिन आजवर कोणी पाहिलेलंच नाही. आणि त्या जेवणावर लगेच चहा पितात, ज्याने अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही.

मॅडम बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी जानेवारीतला तोच कागद काढला आणि शीर्षकातला ‘एनर्जी ड्रिंकचा’ हा शब्द खोडला. "वर काय लिहायचं ते तू ठरव. समितीकडे पुन्हा जावं लागेल, महिना जाईल. तयारी आहे ना?"

आहे.

12 मार्च, बुधवार

मैदान ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयात तिसरी खेप. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी किल्ली ज्यांच्याकडे असते ते नव्हते. आज दोघेही होते. उत्तर मिळालं की उघडं ठेवलं तर घाण होते, म्हणून बंद ठेवतो. मुलींना हवं असेल तेव्हा येऊन किल्ली मागावी. कार्यालय अकराला उघडतं. सराव आठला संपतो.

मी वजनांचा तक्ता पुढे ठेवला. साहेबांनी तो पाहिला, आकडे वाचले असं वाटलं नाही. अर्ज द्या म्हणाले. दिला. पोचपावती घेतली.

बाहेर येऊन सरांना सगळं सांगितलं. सर वीस वर्षं या मैदानावर आहेत. ते इतका वेळ बोललेच नाहीत की मला वाटलं रागावले. मग म्हणाले, "मला वाटायचं पोरींना ताकद यावी, म्हणून बाटल्या आणायचो. मला कोणीच सांगितलं नाही गं." त्यांना सांगणार कोण होतं? चौदा मुली आणि एक पुरुष प्रशिक्षक. पोटात दुखतंय एवढंच त्यांच्यापर्यंत पोचत होतं.

24 मार्च, सोमवार

सर आणि पाच पालक मिळून कार्यालयात जाऊन आले. एक किल्ली आमच्याकडे राहणार, साफसफाईची जबाबदारी संघाची. दार उघडलं तेव्हा आत कबुतरांची घाण, मोडका नळ आणि जुने हर्डल्स रचून ठेवलेले. रविवारी सगळ्यांनी मिळून धुतलं. नळ 2 नंबरच्या वडिलांनी बसवून दिला, ते प्लंबिंगचं काम करतात. आतून कडी नव्हती, ती 7 नंबरने स्वतः ड्रिल घेऊन लावली.

5 एप्रिल, शनिवार

नवा आराखडा मंजूर. ‘सरावापूर्वीची न्याहारी आणि पाणी यांचा महाविद्यालयीन महिला सॉफ्टबॉलपटूंच्या प्रतिक्रियाकाळावर व धावेवर होणारा परिणाम’. दोन आठवडे नेहमीप्रमाणे, दोन आठवडे न्याहारी आणि पाण्यासह, निम्म्या जणींसाठी क्रम उलटा. डॉक्टर बाईंनी या वेळी एकच विचारलं, की ‘नेहमीप्रमाणे’च्या दोन आठवड्यांत मुलींना पाण्यावाचून ठेवणार का. नाही म्हणाले. पाणी अडवायचं नाही, ज्या जितकं पितील तितकं फक्त लिहायचं. तुलना थोडी कच्ची होईल, होऊ दे.

न्याहारी काय, हे ठरवायला वेळच लागला नाही. 23 नंबरच्या वडिलांची केळीची बाग आहे. आम्ही केळीच्या पट्ट्यात राहतो, रस्त्यावरून दिवसभर घडांनी भरलेले ट्रक जातात आणि मुली उपाशीपोटी वीस रुपयांची बाटली पितात! मालात न घेतलेल्या फण्या त्यांनी देऊ केल्या. एका केळ्यात साधारण पंचवीस ग्रॅम पिष्ट आणि साखर. रेड बुलच्या 250 मिलीच्या डब्यात साखर जवळपास तेवढीच. केळ्यात पोटॅशियम मिळतं आणि चावून खाल्ल्यावर काहीतरी खाल्ल्याचं समाधान. सोबत मूठभर भाजलेले शेंगदाणे. पाण्यात लिंबू, मीठ, चमचाभर साखर. चौदा जणींचा दिवसाचा खर्च लिंबं आणि शेंगदाण्यांपुरता. सरांचे बाटल्यांचे 280 रुपये त्यातच येतात, त्यांनी आजच दिले.

9 एप्रिल, बुधवार

अंगाची लाही लाही होतेय. सकाळी साडेसातलाच उन्हाचा चटका बसतो.

7 नंबर, पाण्याच्या गटात. सरावाआधी 47.6. सरावात तीन वेळा थांबून एकूण 900 मिली पाणी. नंतर 47.2. एक टक्काही घट नाही. पट्टी सरावाआधी 19वर पकडली, नंतर 19वरच. फेब्रुवारीत ती सरावानंतर 22वर जायची. हा एका मुलीचा एका दिवसाचा आकडा आहे, उष्णताही वेगळी, पट्टीची सवयही झालेली. वहीत लाल पेनाने ‘निष्कर्ष नाही’ असं लिहून ठेवलंय, माझ्यासाठीच.

11 नंबरने आज पहिल्यांदा आपणहून विचारलं की अंतिम सामन्याच्या दिवशी केळं किती वाजता खायचं. तासभर आधी एक आणि मधल्या इनिंगला अर्धं, असं सांगितलं. "आणि बाटली?" मी तिला ती घरी आणलेली रिकामी बाटली दिली, बारीक अक्षरांवर बोट ठेवून. तिने डोळ्यांजवळ धरून ती ओळ मोठ्याने वाचली, मग सगळ्यांना ऐकू जाईल अशी पुन्हा वाचली.

सराव संपल्यावर निळ्या दाराशी रांग होती. दोघी आत, चौघी बाहेर, कोणीतरी आतून कडी लावल्याचा खट्ट आवाज. किल्लीला बुटाची जुनी लेस बांधून ती बेसच्या पिशवीत ठेवली आहे. उद्या पावणेसहाला दार 11 नंबर उघडणार.